डावा गुडघा, उजवा खुबा

४ मार्च

बारके,

आशीर्वाद वगैरे गृहीत धर. तीन वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस. दार वाजवलं तर तुझा चष्मेवाला नवरा उघडतो आणि "ती झोपलीय" म्हणतो. सकाळी आले, झोपलेली. दुपारी आले, झोपलेली. कुंभकर्णसुद्धा अधूनमधून उठायचा. दिवसभर दुकानात लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या माणसाच्या तोंडावरचं खोटं किती ठळक वाचता येतं, हे त्याला कोणीतरी सांगा. पत्राचं बरं असतं, ते दारातून परत फिरत नाही.

तर बातमी अशी, की मी पळायला लागले आहे. हसून घे. माझं झालं की मीही हसणार आहे.

रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, "एकाच किडनीवर आहात, वजन उतरवा, चाला, जमलं तर पळा." एकाच किडनीवर आहात हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, जणू दुसरी मी कुठं रिक्षात विसरून आले. मग बूट घेतले. सकाळी तळ्याभोवती निवृत्तांचा एक घोळका पळतो, त्यात शिरले. पळतो म्हणजे काय, पडता पडता सावरतो. त्यांचा म्होरक्या पूर्वी बोटीवर स्वयंपाकी होता, त्याला सगळे कप्तान म्हणतात. मला ताई म्हणतो आणि वळणावर मुद्दाम पुढे जातो.

थोडे दिवस बरे गेले. मग डावा गुडघा बोलायला लागला. आधी जिन्यात कुरकुर, मग भर रस्त्यात शिव्या. म्हणून फिजिओकडे गेले. बाई तिशीची असेल, पण हात सुताराचे. मला अर्ध्या चड्डीवर आरशासमोर उभं केलं, एका पायावर उभं राहायला लावलं, मग दुसऱ्या. एका पायावर मी पुतळा, दुसऱ्यावर दारुडा.

"मॅडम, तुमच्या दोन बाजू सारख्या नाहीत. एक काम करते, दुसरी नुसती सोबत चालते."

मी म्हटलं, "घरोघरी हेच आहे."

हसली नाही. या लोकांना सगळे स्नायू असतात, तेवढा एक नसतो.

मग तिला डाव्या कुशीतला व्रण दिसला. फासळीच्या खालून पोटापर्यंत, तुला माहीत आहे. "हे काय?" तिनं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. धाकटी बहीण, तिच्या दोन्ही निकामी, नवऱ्याचा रक्तगट इतक्या चपळाईनं न जुळलेला, की निकाल ऐकून त्याच्या रडण्यात एक हुश्श होतं. मग थोरलीनं स्वतःला कापून घेतलं. बाईनं मान हलवली आणि म्हणाली, कुठली बाजू किती कमजोर ते पुढच्या खेपेला नीट ताकद लावून बघू.

बघू दे. मला सांगायला नको कुठली ते. बारा वर्षं मी म्हणतेय, डावीकडे पोकळ वाटतं. तू म्हणायचीस, "ताई, ते तुझ्या मनात आहे." मनात नव्हतं गं. गुडघ्यात होतं.

आणखी एक कळलं. ती थांबली म्हणे. तुझ्या पोटातली, माझी. आठवड्यातून तीनदा तुला यंत्राला जोडतात, हे मला माझ्याच खुर्चीत बसलेल्या तुझ्या शेजारणीनं सांगितलं. कवळीसाठी ठसा घ्यायचा होता. सांगून झाल्यावर मी तिच्या तोंडात तो गार लगदा भरला आणि लागतो त्याहून जरा जास्तच वेळ ठेवला. माझ्या धंद्याचं हे एक सुख, समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलायची सोय नाही.

तिची जुळी माझ्याकडे आहे, ती अजून ठणठणीत आहे. म्हणजे माल वाईट नव्हता. एवढंच नोंदवून ठेवते.

तुझी ताई


२३ मार्च

बारके,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. आज वेगळ्याच कामासाठी लिहितेय, तेव्हा फाडायच्या आत शेवटपर्यंत वाच.

काल लेक पूर्ण बाह्यांचा सदरा घालून जेवायला बसली. पंखा गरगरतोय, मला घाम फुटलाय आणि ही मनगटापर्यंत बंद. भांडी विसळताना बाही वर गेली. कोपराच्या खळगीत कापूस आणि वर पट्टी. मी दातांची का होईना, डॉक्टर आहे.

"रक्त कुणाला दिलंस?"

"दिलं नाही. तपासायला दिलं."

"काय होतंय तुला?"

"मला काही होत नाहीये, आई." आणि नळ मोठा केला. आमच्या घरात खरं बोलायच्या आधी नळ मोठा करतात. "मावशीसाठी. पहिली तपासणी जुळली. पुढच्या व्हायच्यात."

आनंदानं सांगत होती गं. एखादीचं लग्न जुळावं तसं. तिचा बाप गेल्यापासून या घरात मी आणि ती, दोनच माणसं, दोघींत मिळून किडन्या तीन. त्यातली आणखी एक उचलायला तू हात पुढे केलास.

तू केला नाहीस, तिनंच केला, असं ती म्हणते. मागच्या वर्षापासून ती तुझ्याकडे येते हेही काल कळलं. मला सांगायची, शाळेत बैठक आहे. बालवाडीत कसल्या बैठका असतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तिथं ती पोरांना शिकवते, वाटून खा, वाटून खेळा. दिवसभर तेच ते बोलून माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो. आता अवयव वाटायला निघाली.

ती सव्वीस वर्षांची आहे, बारके. तुझी पन्नाशी झाली. तिला अजून लग्न, मूल, कंटाळा, सगळं व्हायचं आहे.

मी म्हटलं, "माझ्याकडे बघ. एक काढली की माणसाचं काय होतं ते बघ."

ती म्हणाली, "बघते ना. तू पळतेस."

म्हणून मी एक ठरवलंय. शुक्रवारी फिजिओ माझी ताकद मोजणार आहे, तिथं लेकीला घेऊन जाणार. आईचं बोलणं म्हणजे रेडिओ, चालू असतो, ऐकू येत नाही. त्या सुताराच्या हातांच्या बाईनं सांगू दे, की कापलेली बाजू बारा वर्षांनीसुद्धा उभी राहत नाही. मग बघते कोण काय वाटतं ते.

तुझ्याकडे एकच काम आहे. नाही म्हण. "मला तुझी किडनी नको." शब्द चार आहेत, दम लागणार नाही.

तुझा राग मला माहीत आहे. तुझ्या नवऱ्याच्या साठीला, पंगत भरलेली, आणि मी तुझ्या हातातून मिठाची डबी काढून घेतली. "सोड ते, आत माझी वस्तू आहे." सगळे हसले. तू उठून गेलीस आणि तीन वर्षं माझ्याशी बोलली नाहीस. विनोद होता तो. खरा होता म्हणून लागला. मी तुला कोहळा दिला, बदल्यात आवळासुद्धा मागितला नाही, मीठ कमी खा म्हटलं. तुझ्या जागी दुसरी असती तर आळणी खाऊन माझे पाय धरले असते.

पाय राहू देत. नाही म्हण, बस.

ताई


३० मार्च

बारके,

फिजिओकडे जाऊन आलो. विशेष काही नाही. तिनं काही व्यायाम दिलेत. गुडघ्याच्या वर रबराचा पट्टा अडकवून खोलीभर खेकड्यासारखं आडवं चालायचं. पाठीवर झोपून एक पाय हवेत धरायचा आणि दुसऱ्याच्या जोरावर कंबर उचलायची. पायरीवरून एका पायानं सावकाश खाली उतरायचं. कमजोर बाजूनं सुरुवात करायची, आणि तिला जमेल तेवढंच दुसऱ्या बाजूनं करायचं, अधिक नाही. या नियमात मजबूत बाजूवर केवढा अन्याय आहे, ते मी तिला सांगून पाहिलं.

बाकी सगळं ठीक.

ठीक काय कपाळ. लेक तुला सांगणारच आहे. त्यापेक्षा मी सांगते, निदान शब्द तरी माझे असतील.

लेकीला मी भिंतीकडच्या स्टुलावर बसवलं, व्रण नीट दिसेल असं. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा आणि बाई तो खाली दाबणार. आधी डावा. बाईनं एका हातानं दाबला, मग दोन्ही हातांनी, मग अंगाचा भार टाकला. पाय हलला नाही. "वा," ती म्हणाली. मग उजवा. तो तिनं दोन बोटांनी खाली नेला, दाराची कडी लावावी तसा.

"उजवी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "परत बघा."

परत बघितलं. आणखी एकदा बघितलं. मी श्वास धरून जोर लावला. तिच्या बोटांना पत्ता नाही.

लेकीनं स्टुलावरून विचारलं, "ऑपरेशन झालं ती बाजू?"

"ती उत्तम आहे. सगळा भार तीच घेते, म्हणून तर त्या बाजूचा गुडघा दुखतो." बाईनं व्रणावरून बोटं फिरवून आत चाचपलं. "इथलेही स्नायू छान आहेत. मॅडम, तुम्ही काम काय करता?"

"दात काढते."

"बसून? पेडल कुठल्या पायाशी?"

"उजव्या."

"आणि पेशंटवर वाकता डावीकडे कलून?"

मी म्हटलं, "तोंड जिथं असेल तिकडे वाकते."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही डाव्या बाजूवर बसलात आणि उजव्या पायाची फक्त बोटं हलवलीत. उजव्या खुब्याला पत्ताच नाही की तो नोकरीवर आहे."

आता मात्र ती हसली. स्वतःच्या विनोदावर.

जिन्यात लेक माझ्यापुढे दोन पायऱ्या होती. वळून म्हणाली, "बारा वर्षं, आई. डावीकडे पोकळ, डावीकडे पोकळ. मावशी उठली तरी तेच, बसली तरी तेच. आणि निघाली खुर्ची."

"त्या बाईला स्नायू कळतात. मला जे वाटतं ते तिच्या बोटांना कसं लागणार?"

"मग मला कशाला घेऊन आलीस?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

मुद्दा मात्र तोच राहतो. एका दगडाला कोंभ फुटला म्हणून प्रत्येक दगडाला पाणी घालत बसू नये. मी टिकले ते मी चिवट म्हणून. ती तिच्या बापासारखी आहे, सर्दीनं आडवी होते. तू अजून नाही म्हणाली नाहीस, असं तिच्याकडून कळलं. हो म्हणालीस का विचारलं तर म्हणते, "मावशी काहीच बोलत नाही, नुसती माझा हात धरते." हात धरणं बंद कर. त्या हाताला सुया टोचून घ्यायला तीच जाते आहे.

ताई


१७ एप्रिल

बारके,

रविवारी आमच्या घोळक्याची शर्यत होती, तळ्याला दोन फेऱ्या. मी लेकीला बळेच आणलं. काय बघायचं ते तिनं बघावं, म्हणून.

पहिली फेरी मी सुरेख पळाले. दुसऱ्या फेरीत ती बाकापाशी उभी दिसली आणि मी लंगडायला लागले. मग कुशीला हात लावला. मग बाकाच्या अलीकडे बसकण मारली. कप्तान थांबला, घड्याळ बघून म्हणाला, "ताई, वेळ छान होती हो, पडायची एवढी काय घाई केलीत?"

लेक पाण्याची बाटली घेऊन आली. गुडघे टेकून माझ्यासमोर बसली, बुटाची नाडी सोडली. मला वाटलं, रडेल.

"आई, तुझा दुखतो तो डावा," ती म्हणाली. "लंगडलीस उजव्यानं."

बाटली ठेवली आणि निघून गेली. जाताना कप्तानाला नमस्कार केला. मला नाही.

आता ऐकते की तुमचा अर्ज गेलाय. पुढच्या महिन्यात अवयवदानाच्या समितीसमोर दोघींना उभं करणार, आणि देणारीला विचारणार, "कोणाचा दबाव आहे का?" तर मीही येणार आहे. मी उभी राहून सांगणार, आहे. मावशीनं वर्षभर चोरून पोरीला घरी बोलावलं, हात धरून बसली, तोंडानं मागितलं नाही पण डोळ्यांनी मागितलं. माझ्यावर कोणीही विश्वास ठेवील. एकदा दिलेली बाई आहे मी. माझं कापलेलं अंग दाखवीन.

हे करायला लावू नकोस.

तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तुझा नवरा सांगणार नाही, त्याला तुझ्याशिवाय चहा करता येत नाही. डॉक्टर सांगणार नाहीत, त्यांचं त्यावर पोट आहे. लेक तर खुळीच आहे. बारा वर्षं तू माझ्या अंगावर काढलीस. आता लेकीच्या अंगावर दहा-पंधरा काढशील. मग ती थांबली की? तोवर लेकीला मूल झालेलं असेल, त्याच्याकडे बघशील? आमचं घर काय तुझी वखार आहे?

माणसानं कुठंतरी पुरे म्हणावं. तू आता थांब, बारके. तुला जेवढं मिळायचं तेवढं मिळालं, वर माझं मिळालं. थांब.

लिहिलं ते खोडणार नाही.

ताई


२ मे

बारके,

मला माहीत नव्हतं.

मला वाटायचं तू पत्रं फाडतेस. किंवा उशीखाली ठेवतेस, न उघडता. तुझी नजर इतकी अधू झालीय आणि चष्मेवाल्याच्या घरात असून एकाही चष्म्याचा उपयोग होत नाही, हे मला लेकीनं काल सांगितलं. यंत्राजवळ स्टूल ओढून, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा नाकावर चढवून तो तुला माझी पत्रं वाचून दाखवतो, हेही. आणि तू हसतेस म्हणे. कुंभकर्णाला हसलीस. शेजारणीच्या तोंडातल्या लगद्याला इतकी हसलीस, की सिस्टर धावत आली, नळी हलेल म्हणून रागावली. खेकड्याचं तर दोनदा वाचायला लावलंस.

चौथं आलं तेव्हा लेकही तिथं होती. तिनं ते तुझ्या नवऱ्याच्या आवाजात ऐकलं. त्याला कुठं थांबायचं ते कळलं नाही म्हणे, माणूस एकदा वाचायला लागला की वाचत जातो. "तू आता थांब, बारके" हेसुद्धा त्यानं वाचलं, वर "ताई" अशी सहीही वाचली.

लेकीनं काल मला सगळं शब्द न् शब्द सांगितलं, उभ्यानं. नळ बंद होता.

तू म्हणालीस, "ताईचं बरोबर आहे. मला तुझी नको."

ती म्हणाली, "मावशी, आईचं काय ऐकतेस? आई बोलतेच तशी."

आणि तू म्हणालीस, "तुझ्या आईनं एक दिली आणि बारा वर्षं मी तिला घाबरले. पाणी प्यायले तरी घाबरले, खोकले तरी घाबरले. तू दिलीस की तुलाही घाबरायला लागेन. मला घाबरायला आणखी एक माणूस नको गं. शेजारी बसायला हवंय."

मग तू नवऱ्याला अर्ज मागे घ्यायला सांगितलंस. तो रडला, असं लेक म्हणते. या वेळी त्या रडण्यात हुश्श नव्हतं.

म्हणजे मी जिंकले. मला हवं होतं ते तू तुझ्या तोंडानं बोललीस, मी मागितले होते त्याहून एक शब्द कमीच वापरलास. समितीसमोर उभं राहायला नको, अंग दाखवायला नको. माझी लेक धडधाकट आहे, अख्खी, जशी झाली तशी.

ती हे सांगत असताना मी कपाटाजवळ उभी होते. मी विचारलं, "मग आता जेवायला वाढू?"

"मी मावशीकडे राहायला जातेय," ती म्हणाली. "तिला शेजारी बसायला माणूस हवंय, तू ऐकलंस ना आत्ता?"

"आणि मला?"

"तुला माणूस लागत नाही, आई. तुला ऐकणारं लागतं."

तिनं बॅग भरली. मी घडी घालायला मदत केली, तिला घड्या येत नाहीत. पूर्ण बाह्यांचा सदरा तेवढा तिनं नेला नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात. मी आयुष्यभर लोकांचे दात काढले, पण ओठ चावला की काय करायचं, ते कधी कुणाला सांगितलेलं आठवत नाही.

ताई


११ जून

बारके,

फिजिओनं काल परत दाबून पाहिलं. उजवा पाय तिच्या एका हाताला ऐकला नाही, दुसरा लावावा लागला. म्हणाली, "मॅडम, आणखी थोडे दिवस, मग दोन्ही सारख्या होतील." गुडघाही गप्प आहे. घरी येऊन सांगायला कोणी नव्हतं, म्हणून कप्तानाला सांगितलं. तो म्हणाला, "छान." आणि वळणावर पुढे गेला.

लेक फोन उचलते. तुझ्यासारखी नाही, उचलते. "हो." "नाही." "बरी आहे." "मावशी पण बरी." शाळेतून परस्पर तिकडे येते, यंत्र चालू असताना तुझे पाय चेपते, हे शेजारणीकडून कळलं, नवी कवळी दाखवायला आली होती. चष्मेवाला चहा शिकला म्हणे.

मी विचारलं, "माझी पत्रं अजून वाचतात का?" शेजारीण म्हणाली, "आता आली कुठं?"

म्हणून हे लिहितेय. तो वाचत असेल आणि लेक जवळ बसलेली असेल, तर असू दे. जे आहे ते तिनंही ऐकावं.

मी सगळीकडून विचार करून पाहिला. तू जगत राहिलीस तर ती तुझ्याजवळ राहणार, माझ्याकडे येणार नाही. तू गेलीस तर ती ते चौथं पत्र जन्मात विसरणार नाही, मग माझ्या दारात पाऊलही टाकणार नाही. दोन्हीकडून मी एकटीच. फरक एवढाच, की तू आहेस तोवर ती कुठं आहे ते मला ठाऊक असतं, आणि तुझ्या घराचा पत्ता मला पाठ आहे.

तेव्हा जग, बारके. हे मी तुझ्यासाठी म्हणत नाहीये. पण जग. जमेल तेवढी जग.

ताई